आडसाली ऊस आणि वर्षभराचे मॉडेल

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा ऊस पिढ्यान्पिढ्या उभा राहिला आहे. येथे उसाच्या तीन लागणी: जानेवारी-फेब्रुवारीतील सुरू, ऑक्टोबर-नोव्हेंबरातील पूर्वहंगामी आणि जुलै-ऑगस्टमधील आडसाली. यांत आडसाली ऊस सर्वांत दीर्घायुषी. एका पावसाळ्यात लावायचा, दुसरा पावसाळा पाहायचा आणि त्यानंतरच्या गाळप हंगामात, सोळा ते अठरा महिन्यांचा झाला म्हणजे तोडायचा. त्यावर खोडवा ठेवला, तर तेच बेट आणखी वर्षभर जमिनीत राहते. इतक्या दीर्घ मुदतीची गुंतवणूक करणारा माणूस ज्याच्या सल्ल्यावर चालतो, तो सल्लागार निदान तोडणीपर्यंत तरी जागेवर असावा, अशी अपेक्षा करण्यात काही गैर नाही.

गेल्या दोन वर्षांत या उसाला एक नवा सल्लागार मिळाला आहे. डॉ. अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ पासून ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांचे साह्य त्यास लाभले. शेतात मातीतील ओल आणि अन्नद्रव्ये मोजणारी उपकरणे, जवळच हवामान केंद्र, वर उपग्रह. या सर्वांकडून येणारी माहिती दूरच्या संगणकांवर एकत्र होते आणि तेथून शेतकऱ्याच्या मोबाईलवर सल्ला येतो. आज पाणी किती द्यावे, कोणत्या कोपऱ्यात पीक पिवळे पडत आहे, खत कधी टाकावे, हे त्या सल्ल्यात असते. पहिल्या टप्प्यात सुमारे एक हजार शेतकरी निवडण्यात आले. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जाहीरपणे या प्रयोगाचा उल्लेख केला आणि बारामतीच्या उसाचे नाव जगभर गेले. पुढे त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केले.

या भूमीला नवी यंत्रे नवी नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला आणि त्यातून वालचंदनगर वसले. सोलापूरच्या या व्यापारी घराण्यातील पुरुषाने यंत्राकडे जमाखर्चाच्या डोळ्यांनी पाहिले. यंत्र आणले की त्याचा सुटा भाग कोठे मिळेल, तो मिळेनासा झाला तर काय, हा प्रश्न ओघाने आलाच. पुढे वालचंदनगरातच साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होऊ लागली. मोबाईलवरील नव्या सल्लागारालाही हाच प्रश्न विचारावयास हवा. त्याचा सुटा भाग कोणता आणि तो किती दिवस बाजारात असतो?

तो भाग म्हणजे 'मॉडेल'. मोबाईलवर जे दिसते ते ॲप. ती केवळ बँकेची खिडकी होय. खिडकीवर अर्ज दिला की तो आतल्या अधिकाऱ्याकडे जातो, निर्णय तो घेतो आणि उत्तर खिडकीतून बाहेर येते. आतला अधिकारी म्हणजे मॉडेल. तो बहुधा फोनमध्ये नसतो, कोणा मोठ्या कंपनीच्या संगणकावर असतो. ॲप तयार करणारा आपल्या कोडमध्ये त्या अधिकाऱ्याचे नाव आणि त्यापुढे त्याची आवृत्ती लिहून ठेवतो, उदाहरणार्थ 'जेमिनी-१.५-फ्लॅश-००१'. एवढ्या एका ओळीवर सगळा व्यवहार टेकलेला असतो. ज्या दिवशी तो अधिकारी निवृत्त होतो त्या दिवशी खिडकी उघडी राहते, अर्जही स्वीकारला जातो, परंतु आत कोणी नसते.

बँकेशी संबंध असलेल्या वाचकांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत गेली. खातेदारांची खाती सुरक्षित राहिली, पण अकरा अक्षरांचा आयएफएस संकेतांक बदलला. विजया आणि देना यांचे जुने संकेतांक १ मार्च २०२१ पासून, तर सिंडिकेटचे १ जुलै २०२१ पासून बंद झाले. मधल्या काळात सूचना निघाल्या, फलक लागले. तरीही तो संकेतांक कोठे कोठे लिहून ठेवला होता याचा शोध घेणे हेच खरे काम होते. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर, भाडेकरूच्या मोबाईलमध्ये, परगावी असलेल्या मुलाने जतन केलेल्या यादीत, लेटरहेडच्या तळाशी. ज्यांनी तो एकाच वहीत लिहिला होता त्यांनी एक ओळ खोडली आणि ते मोकळे झाले. ज्यांनी तो पन्नास ठिकाणी छापला होता, त्यांना पुढे कित्येक महिने परत आलेल्या रकमांचा हिशेब लावीत बसावे लागले. मॉडेलचे नाव कोडमध्ये पक्के लिहिणे म्हणजे संकेतांक पन्नास ठिकाणी छापणे. फरक इतकाच की येथे छापलेले कागद हजारो शेतकऱ्यांच्या खिशात आहेत.

आता या अधिकाऱ्याच्या नोकरीची मुदत पाहू. वर उल्लेखिलेले 'जेमिनी-१.५-फ्लॅश-००१' हे गूगलचे मॉडेल मे २०२४ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये निवृत्त झाले. त्याची पुढील आवृत्ती '००२' सप्टेंबर २०२४ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचीही मुदत संपली. ओपनएआयचे 'टेक्स्ट-डाविंची-००३' हे एके काळी जगभरच्या ॲपमध्ये वापरले जाणारे मॉडेल ४ जानेवारी २०२४ रोजी बंद झाले. त्याची सूचना सहा महिने आधी, जुलै २०२३ मध्ये देण्यात आली होती. या तारखा आडसाली उसाशेजारी ठेवून पाहाव्यात. जुलै २०२४ मध्ये लावलेला आडसाली ऊस डिसेंबर २०२५ च्या सुमारास तोडणीस येतो. लागणीच्या वेळी '००१' चा सल्ला घेतला असता, तर ऊस दहा महिन्यांचा असतानाच तो सल्लागार गेला असता. त्याच्या जागी '००२' आणला असता, तर तोही तोडणीपूर्वीच निघून गेला असता. एका पिकाला दोन मॉडेल पुरले नाहीत. तिसरे लागले.

कंपन्यांना यात दोष देण्याचे कारण नाही. नवे मॉडेल बहुधा अधिक शहाणे आणि स्वस्तही असते, आणि जुनी यंत्रे चालू ठेवण्यास वीज व पैसा लागतो. पण त्यांचे वर्ष आणि उसाचे वर्ष सारखे नाही, हे ॲप बनविणाऱ्याने ध्यानात घेतले पाहिजे.

समजा, इंदापुरात एका कुटुंबाचे कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा संगणक शाखेचा पदवीधर. त्याने दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी छोटे मराठी ॲप तयार केले. शेतकरी बोलून प्रश्न विचारतो, पानाचा फोटो पाठवितो, ॲप उत्तर देते. मॉडेलचे नाव त्याने कोडमध्येच लिहिले, कारण पहिल्यांदा सगळेच तसे लिहितात. वर्ष सरले आणि एके सकाळी पाच-सात गिऱ्हाइके दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. ॲप मुके झाले होते. मुलाने तासाभरात नवे नाव घातले आणि नवी आवृत्ती प्ले स्टोअरवर चढविली. त्याच्या दृष्टीने काम संपले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते सुरूही झाले नव्हते, कारण ॲप अद्ययावत करणे हे काम आता त्या शेतकऱ्याच्या फोनकडे होते. तो फोन नातवंडांच्या व्हिडिओंनी भरलेला, जागा शिल्लक नाही; स्वयंचलित अद्ययावत करणे कोणीतरी बंद करून ठेवलेले; वाय-फाय घरात नाही. कित्येक फोनवर जुनी आवृत्ती महिनोन्महिने तशीच राहते. हाच काळ मोठ्या बांधणीचा असेल, तर खताचा तो हप्ता अंदाजाने पडतो.

यावरील उपाय अवघड नाही आणि तो या कंपन्याच सुचवितात. मॉडेलचे नाव ॲपमध्ये न ठेवता बाहेर, दूरच्या एका नोंदीत ठेवावे; ॲपने उघडताना ती नोंद वाचावी आणि त्यात जे नाव असेल त्याच्याकडे प्रश्न पाठवावा. गूगलच्या फायरबेस या व्यवस्थेत यासाठी 'रिमोट कॉन्फिग' नावाची सोय आहे, आणि 'फायरबेस एआय लॉजिक' वापरणाऱ्यांनी मॉडेलचे नाव त्यातच ठेवावे अशी स्पष्ट शिफारस तिच्या मार्गदर्शिकेत आहे. (गंमत अशी, की मे २०२५ पर्यंत या एआय लॉजिकचेच नाव 'व्हर्टेक्स एआय इन फायरबेस' होते. नाव बदलण्याबाबत सल्ला देणाऱ्याचेच नाव बदलले!) एकदा ही व्यवस्था केली की दुकानात बसून एक शब्द बदलला म्हणजे सर्व फोन नव्या मॉडेलशी बोलू लागतात, कोणाला काही उतरवून घ्यावे लागत नाही.

यात दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पहिली, ॲपमध्ये एक राखीव नाव असलेच पाहिजे. बांधावर रेंज नसेल आणि बाहेरची नोंद वाचता आली नाही, तर ॲपने काय करावे याचे उत्तर त्या राखीव नावात असते. आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तेही ताजे करावे लागते, नाहीतर तिजोरीतली दुसरी किल्ली जुन्याच कुलपाची निघते. दुसरी, ॲप ती नोंद दर क्षणी वाचत नाही. रिमोट कॉन्फिगमध्ये मूळ व्यवस्थेप्रमाणे एकदा वाचलेली नोंद बारा तास ग्राह्य धरली जाते. तेव्हा जुने मॉडेल ज्या मध्यरात्री बंद होणार, त्याच सायंकाळी नाव बदलून निश्चिंत झोपणे धोक्याचे. मॉडेलला द्यावयाच्या सूचना, म्हणजे 'मराठीत उत्तर दे, कीटकनाशकाची मात्रा सांगताना लेबल पाहण्यास सांग' यांसारखी वाक्येही नावाबरोबर बाहेरच ठेवावीत. नव्या अधिकाऱ्याला जुन्या सूचना तंतोतंत लागू पडतीलच असे नाही.

येथवरचा भाग नळदुरुस्तीचा झाला. खरी जोखीम पुढे आहे. बंद पडलेले ॲप निदान सांगते तरी की मी बंद आहे. बदललेले मॉडेल मात्र पूर्वीच्याच आत्मविश्वासाने, पूर्वीच्याच गोड मराठीत वेगळे उत्तर देते, आणि ते वेगळे आहे हे कोणालाही कळत नाही.

युरियाच्या गोणीचे उदाहरण घ्यावे. आडसाली उसासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, तेव्हा एकरी नत्र सुमारे १६२ किलो. नीमवेष्टित युरियात ४६ टक्के नत्र असते. पूर्वी गोणी ५० किलोची होती. तिच्यात २३ किलो नत्र बसे आणि एकरी हिशेब सरळ सात गोण्यांचा होई. २०१८ पासून गोणी ४५ किलोची झाली. तिच्यात २०.७ किलो नत्र, म्हणजे एकरी जवळजवळ आठ गोण्या. त्यात २०२४ पासून गंधकवेष्टित 'युरिया गोल्ड' आला. त्याची गोणी ४० किलोची आणि नत्र ३७ टक्के, म्हणजे गोणीमागे १४.८ किलो. गोणी हा शब्द तोच राहिला, आतले नत्र तीन प्रकारचे झाले. मॉडेल ज्या मजकुरावर शिकलेले असते त्यात जुनी पुस्तके असतात, नवी परिपत्रकेही असतात. एक आवृत्ती ४५ किलो धरील, दुसरी ५० धरील. दुसरीने 'एकरी सात गोण्या' असे उत्तर दिले, तर वाक्य निर्दोष असेल, बेरीजही बिनचूक असेल आणि शेतात एकरी सुमारे १७ किलो नत्र कमी पडेल. हेक्टर आणि एकर यांची गल्लत झाली तर चूक अडीचपटीची. गुंठ्यांत विचारलेल्या प्रश्नाचे काय होईल हे तर वेगळेच.

इंदापूरच्या त्या कल्पित दुकानात मुलगा नव्या मॉडेलची तारीफ करीत असता वडिलांनी एवढेच विचारावे, "गोणी कितीची धरलीय त्यानं?" मुलाला ते ठाऊक नसेल, तर नवे मॉडेल गिऱ्हाइकापर्यंत जाण्याची वेळ आलेली नाही. "पप्पा, कंपनीनं तपासलेलं असतं सगळं," हे त्यावर उत्तर नव्हे. कंपनीने ते जगातील असंख्य विषयांवर तपासले असेल, इंदापूरच्या गोणीवर तपासलेले नसते.

तपासणीची रीत साधी आणि कष्टाची आहे. दुकानात वर्षभर प्रत्यक्ष विचारलेले शंभर प्रश्न निवडावे: हुमणीचे, लोकरी माव्याचे, चुनखडी जमिनीतल्या पिवळेपणाचे, खोडव्याच्या पाचटाचे. प्रत्येकाचे बरोबर उत्तर जाणत्या कृषी पदवीधराकडून लिहून घ्यावे. काही प्रश्न मुद्दाम अवघड असावेत. मात्रा अर्धवट सांगितलेले, एकर-गुंठे मिसळलेले, 'औषध' म्हणजे खत की कीटकनाशक हे न कळणारे, आणि ज्यांचे योग्य उत्तर 'हे फोनवर सांगता येणार नाही, शेत दाखवा' असेच आहे. प्रत्येक नव्या मॉडेलला आधी या परीक्षेस बसवावे आणि जुन्याच्या उत्तरांशी ताडून पाहावे. शंभर प्रश्नांची ही वही हीच अशा ॲपची खरी मालमत्ता. कोड कोणीही लिहील.

बदल कधी कधी न सांगताही होतो, म्हणून हे अधिकच आवश्यक. स्टॅनफर्ड आणि बर्कले येथील संशोधकांनी २०२३ मध्ये जीपीटी-४ च्या मार्च आणि जून या दोन आवृत्त्यांना तेच प्रश्न विचारून पाहिले. एखादी संख्या मूळ आहे की नाही यांसारख्या प्रश्नांत त्यांची कामगिरी तीन महिन्यांत ठळकपणे बदललेली आढळली. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ मध्ये केलेला एक बदल मॉडेलला इतका तोंडपुजा करून गेला, की ते वापरणाऱ्याच्या कोणत्याही म्हणण्याला मान डोलावू लागले. तीन-चार दिवसांत कंपनीला तो मागे घ्यावा लागला. 'युरिया थोडा जास्तच टाकतो, काय म्हणता?' असे विचारणाऱ्या शेतकऱ्यापुढे मान डोलावणारा सल्लागार काय कामाचा! यास्तव नावापुढे 'ताजी आवृत्ती' असे मोघम लिहू नये. आवृत्तीचा क्रमांक लिहावा. मोघम नावामागे कोण बसले आहे, हे उद्या सकाळी बदललेले असू शकते.

बारामतीच्या प्रयोगात उपग्रह आणि उपकरणांकडून आलेल्या क्लिष्ट माहितीचे सोप्या इंग्रजी, हिंदी व मराठी सूचनांत रूपांतर करण्यासाठी मायक्रोसॉफ्टची अझूर ओपनएआय सेवा वापरली जाते. या सेवेत मॉडेलच्या मुदतीबाबत ग्राहकास तीन पर्याय दिलेले आहेत आणि मुदत ठेवीचा अर्ज भरलेल्या कोणासही ते ओळखीचे वाटतील. पहिला, नवी प्रमाण आवृत्ती जाहीर झाली की आपोआप तिच्यावर जावे. दुसरा, सध्याची आवृत्ती मुदत संपेपर्यंत ठेवावी आणि संपल्यावर आपोआप पुढील घ्यावी. हे ठेवीचे स्वयंनूतनीकरण. तिसरा, आपोआप काहीच करू नये; मुदत संपली की सेवा थांबावी. पहिला पर्याय आळशाच्या सोयीचा. तिसऱ्यात शिस्त आहे, पण तारीख विसरली की हंगामात दार बंद. दुसरा अनेकांना सुरक्षित वाटतो आणि बहुतेक वेळा असतोही. परंतु न तपासलेले मॉडेल त्यातूनही शेतात उतरू शकते, केवळ उशिरा. ठेवीचे नूतनीकरण आपोआप होते तेव्हा व्याजदर त्या दिवशीचा लागतो, हे ज्येष्ठ ठेवीदारांना चांगले ठाऊक आहे. तिसरा पर्याय आणि सोबत नियत तारखांची नोंदवही, हाच मार्ग जबाबदार माणसाला शोभणारा. आणखी एक चांगली सोय या सेवेत आहे: ॲप मॉडेलचे मूळ नाव घेत नाही, आपण ठेवलेले टोपणनाव घेते. टोपणनावामागचे मॉडेल बदलता येते. खिडकीवरची पाटी तीच राहते.

परीक्षेत उत्तीर्ण झालेले मॉडेलही एकाच दिवशी सर्वांना देऊ नये. हे तर येथील ऊस उत्पादकालाच उत्तम कळते. एके काळी शिवारात '७४०' होता. मग '८६०३२' आला. पुढे नीरेकाठच्या पाडेगाव संशोधन केंद्राचा 'फुले २६५' आला. हे सारे आवृत्तीचे क्रमांकच नव्हेत काय? कोणत्याही शहाण्या शेतकऱ्याने नव्या वाणासाठी पहिल्याच वर्षी सगळे क्षेत्र मोडले नाही. पाच-दहा गुंठे लावले, फुटवे मोजले, टनेज पाहिले, कारखान्याची उताऱ्याबद्दलची कुरकुर ऐकली आणि मग पुढच्या लागणीला बेणे वाढविले. रिमोट कॉन्फिगमध्येही असेच टक्क्यांनी वाटप करता येते: आधी शंभरातल्या पाच फोनना नवे मॉडेल, बाकीच्यांना जुने. ते पाच कोण असावेत हे नशिबावर सोडण्यापेक्षा दुकानापासून जवळचे, दररोज येणारे आणि चूक दिसली तर मोठ्याने सांगणारे गिऱ्हाईक निवडावेत. आठवडा-पंधरवडा पाहावे. बिघडले तर एका कळीसरशी मागे जाता येते. मागील नोंदी जपलेल्या असतात. मात्र मागे जाण्यासाठी मागचे मॉडेल जिवंत हवे. निवृत्तीच्या आदल्या दिवशी बदल करणाऱ्याला मागे जायला जागाच नसते. म्हणून मुदत संपण्यापूर्वी निदान दोन महिने परीक्षा सुरू व्हावी, आणि मोठ्या बांधणीचा पंधरवडा टाळावा. बँकाही आपली संगणक प्रणाली ३१ मार्चला बदलीत नाहीत.

मॉडेल फोनमध्येच बसविण्याचाही एक मार्ग आहे. पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रकल्पातून आफ्रिकेतील कसावा पिकासाठी तयार झालेले 'नुरू' हे ॲप पानाचा रोग इंटरनेटविना ओळखते. अशा मॉडेलला कोणी दूरून निवृत्त करू शकत नाही, पण सुधारूही सहज शकत नाही. नवा रोग आला तर ती फाईल प्रत्येक फोनवर पुन्हा उतरावी लागते. ज्या फोनमध्ये जागा नाही त्याची कथा वर आलीच आहे.

उरतो प्रश्न नोंदीचा, आणि बहुतेक ॲप येथेच उणी पडतात. मार्चमध्ये शेतकरी येऊन म्हणतो, "तुमच्या ॲपनं ऑगस्टमध्ये सांगितलं तसं केलं आणि ऊस बसला." ऑगस्टमध्ये त्याने काय विचारले, कोणत्या मॉडेलच्या कोणत्या आवृत्तीने, कोणत्या सूचनांखाली, काय उत्तर दिले? ही चार रकान्यांची नोंद नसेल, तर मुलगा तेच आज विचारून पाहील, आजचे मॉडेल योग्य उत्तर देईल आणि शेतकरी खोटा ठरेल. तो खोटा नसतो; त्याला उत्तर देणारा बदलून गेलेला असतो. जमाखर्चात जुनी नोंद खोडीत नाहीत, दुरुस्तीची नवी नोंद घालतात आणि प्रत्येक नोंदीखाली व्हाउचरचा क्रमांक असतो. बदलून गेलेल्या शाखाधिकाऱ्याने मंजूर केलेले कर्ज नव्या अधिकाऱ्याला कागदावरून समजते, तसेच हे. उत्तराच्या तळाशी बारीक अक्षरांत दिनांक आणि आवृत्ती छापली, तरी अर्धे काम होते. फोनवरचा स्क्रीनशॉट हीच मग शेतकऱ्याची पावती. आडसालीच्या बाबतीत ही पावती किमान दोन वर्षे जपावी लागेल. नत्राचे हप्तेच चार असतात: लागणीस दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीस चाळीस. चौथा हप्ता सांगणाऱ्या मॉडेलला पहिले तीन कोणी व काय सांगितले हे ठाऊक नसेल, तर तो प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करील.

समाजातील अनेक घरांतून मुले-मुली पुण्यात, बंगळुरात याच कामात आहेत. काहींनी घरच्या दुकानासाठी, पेढीसाठी अशी ॲप करून दिलीही आहेत. दिवाळीला ती घरी येतील तेव्हा वहीपूजनाच्या पाटाशेजारी त्यांना बसवून विचारण्यासारखे आहे. मॉडेलचे नाव कोठे लिहिले आहेस? त्याची मुदत कधी संपते, आणि ती तारीख तुझ्याखेरीज आणखी कोणाच्या वहीत आहे? शंभर प्रश्नांची उत्तरे कोणी तपासली? दिवाळीपर्यंत जुलैतली लागण बारा-चौदा आठवड्यांची झालेली असते आणि नत्राचा तिसरा हप्ता तोंडावर असतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर ती एक तारीख त्याच दिवशी लिहून घेता येईल.